आकाशातला तो पांढरा ठिपका

तुम्ही फोटो टाकून हे काय म्हणून विचारलंय तो, आपल्या सोलापुरात विजापूर रोडवर सकाळी आठला दिसलेला, तासभर जागेवरच थांबलेला, चमकणारा ठिपका, आणि त्याला कुणीतरी उडती तबकडी म्हणून मोकळं झालंय! अहो जरा थांबा की ओ, आधी हैदराबादकडे बघा. तिथं टीआयएफआरचं (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) बलून केंद्र आहे, संशोधनाची उपकरणं वर न्यायला हिवाळा-उन्हाळ्यात रात्री ते पहाटे हायड्रोजन भरलेले पॉलिथिनचे फुगे सोडतात, आणि फुगा म्हणजे आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतला नव्हे, वर जाऊन फुलला की 50 ते 85 मीटर व्यासाचा होतो, 30 ते 40 किलोमीटर उंचीवर तरंगतो, म्हणून खालून ठिपका दिसतो आणि हललाच नाही असं वाटतं. वाहत वाहत सोलापूरपर्यंत येऊ शकतात, केंद्राच्या जाहीर सूचनेत सोलापूरचं नाव असतं. फुग्यातली उपकरणांची, पॅराशूटला टांगलेली पेटी शेतात पडली तर उघडू नका, पोलीस स्टेशनला कळवा.

दुसरा संशयित शुक्र ग्रह. निरभ्र आकाशात भर दिवसा साध्या डोळ्यांनी दिसतो, फक्त नेमकं कुठं बघायचं ते माहीत पाहिजे. मी पहिल्यांदा गच्चीवरून पाहिला तेव्हा बायकोला विमान म्हणून दाखवला होता, अजून ऐकून घेतोय.

आता पुढच्या वेळी एक करा, ठिपका पाण्याच्या टाकीच्या कोपऱ्याला लागून दिसेल असं एका जागी उभं राहून दहा मिनिटं बघा. शुक्र असेल तर सूर्याच्याच वेगानं पश्चिमेला सरकेल, तासाला 15 अंश. फुगा वाऱ्याबरोबर जाईल, कुठंही. दुर्बीण लावणार असाल तर सूर्याकडे चुकूनही नको.

तुमच्या फोटोत वेळ दिसतेय पण दिशा कुठली होती ते सांगा ना.