आयपॉड डॉकच्या आतली सोल्डर केलेली केबल कशी बदलायची?

कृष्णाकाठ_सांगली:
मंडळी, आमच्या नानांचा जुना स्पीकर डॉक आहे, ३० पिनवाला, आयपॉड खोचला की वाजतो आणि चार्जपण होतो. पहाटे त्यावर अभंग लागल्याशिवाय नानांचा चहा होत नाही. दोन आठवडे झाले उजवा स्पीकर बंद, ट्रे जरा दाबून धरला की येतो, सोडला की गेला. खोलून बघितला तर ट्रेखालच्या छोट्या प्लेटपासून मेन बोर्डापर्यंत ८ वायरींची चपटी केबल आहे आणि दोन्ही टोकांना डायरेक्ट सोल्डर, सॉकेट कुठंच नाही. एका दुकानात दाखवला तर म्हणाले टाकून द्या, ब्लूटूथवाला घ्या. पण नानांचं बोट त्या आयपॉडच्या चाकावर बसलंय, फोनवर त्यांना जमत नाही, म्हणून हाच दुरुस्त करायचाय. २५ वॅटची सोल्डरिंग गन आणि मल्टीमीटर आहे. तुटलेली वायर मधेच जोडू का सगळी केबल बदलू?

मिरज_जंक्शन:
मधे जोडू नका दादा. ट्रे हलतो तिथं केबल रोज वाकते, जोडाजवळ सोल्डर आत ओढलं जाऊन वायर कडक होते आणि तिथंच परत तुटते. सगळीच बदला. घरात जुन्या हार्ड डिस्कची रिबन, म्हणजे चपटी केबल, पडली असेल तर तिच्यातल्या ८ वायरी फाडून घ्या, पण ४० वायरीवाली बघा, तिच्यात बारीक तारांचा गुच्छ असतो, ८० वाल्यात एकच बारीक तार असते ती वाकून लवकर तुटते. आणि केबल ताठ ओढून लावू नका, थोडी सैल घडी ठेवा.

अजिंक्यतारा:
जुनी केबल एकदम उपटू नका. एक वायर काढली की त्याच जागी नवी लावायची, मगच पुढची, कारण नव्या रिबनच्या सगळ्या वायरी एकाच रंगाच्या असतात. आधी दोन्ही टोकांचे फोटो काढा. बोर्डावरचं सोल्डर शिशाशिवायचं असेल तर ते वितळायला २१७ डिग्रीच्या आसपास लागतात, आपलं ६०/४०, म्हणजे कथील-शिशाचं, त्याच्या बरंच आधी वितळतं, म्हणून जुन्या डागावर फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारी पेस्ट) आणि थोडं नवीन सोल्डर घालून मग वायर काढा, पटकन सुटते. जास्त वेळ गन टेकवली की पॅड, म्हणजे बोर्डावरचा तांब्याचा ठिपका, उखडलाच म्हणून समजा.

आणि एक, आयपॉड लगेच खोचू नका!! कनेक्टरच्या पिनांत २ नंबर ऑडिओ ग्राउंड (आवाजाची परतीची वायर), ३ उजवा, ४ डावा, चार्जिंगचे ५ व्होल्ट २३ वर आणि त्याचं ग्राउंड १६ वर. प्लग काढून मल्टीमीटर बीपवर ठेवून सगळं तपासा, मग नुसता डॉक चालू करून व्होल्टेज बघा.

कृष्णाकाठ_सांगली:
झालं! ३ नंबरची वायर बिजागरीपाशी आतून तुटली होती, वरचं प्लॅस्टिक मात्र अखंड. दोन्ही स्पीकर वाजतायत, फक्त २ नंबरचा पॅड उखडला म्हणून ती वायर १६ च्या ग्राउंडलाच जोडली. आता आयपॉड चार्ज होत असला की मागं घरघर येते, चार्ज फुल झाला की जाते.

अजिंक्यतारा:
घरघर त्यामुळंच. चार्जिंगचा करंट आणि गाण्याचं ग्राउंड एकाच वायरीतून चाललंय. उखडलेल्या पॅडपासून निघणारा ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, ब्लेडनं हलका खरवडा, तांबं दिसलं की फ्लक्स लावून २ ची वायर तिथं टेकवा आणि १६ पासून सोडवा. वरून गरम गोंदाचा एक थेंब, म्हणजे ओढ ट्रॅकवर येणार नाही.

कृष्णाकाठ_सांगली:
केलं दादा, दोन तास गेले त्या एका वायरीत, घरघर गेली. आत्ता चार्जिंगला लावूनच वाजतोय, नाना शेजारी बसलेत. मिरजकर, तुमची ती सैल घडी ठेवलीय, ट्रे हलवून बघितला, कुठंच ओढत नाही.