‘पोलिटिकल ऑफिसर’ला ‘राजकीय अधिकारी’ म्हणावे का?

प्रश्न

इराणी आखातातल्या ब्रिटिश कचेऱ्यांच्या, साधारण 1900 ते 1947 या काळातल्या कागदपत्रांचे भाषांतर तपासताना हे वाक्य आढळले : ‘मस्कतच्या ठाण्यासाठी राजकीय अधिकाऱ्याची निवड करण्यात आली.’ यातले ‘ठाणे’, ‘राजकीय’ आणि ‘निवड’ हे तिन्ही शब्द खटकतात. जाणकारांनी पर्याय सुचवावेत.

उत्तर

आधी ‘राजकीय’ पाहू, कारण खरा घोटाळा तिथे आहे. आज हा शब्द वाचला की मनात पक्ष आणि निवडणुका येतात. ‘राजकीय नेमणूक’ म्हटले तर मर्जीतल्या माणसाची सोय, असाच अर्थ लागतो. हिंदुस्थान सरकारच्या पोलिटिकल खात्याचे काम वेगळे होते : संस्थानिक, टोळीप्रमुख, शेख, सुलतान यांच्याशी सरकारच्या वतीने बोलणे. पेशवाईतल्या पत्रांत ‘राजकारण’ हा शब्द वाटाघाट, संधान या अर्थाने येतो. त्या जुन्या अर्थाने ‘राजकीय’ बरोबर ठरला असता, पण तो अर्थ आजच्या वाचकाकडे उरलेला नाही.

‘राजनैतिक’ जवळचा वाटतो, तरी पुरत नाही. राजनैतिक अधिकारी परक्या राज्यात आपल्या सरकारचा प्रतिनिधी म्हणून राहतो. आखातातला पोलिटिकल एजंट त्याखेरीज ब्रिटिश प्रजेच्या खटल्यांत न्यायनिवाडाही करी, आणि त्या प्रजेत हिंदी व्यापारी आले. म्हणून मूळ शब्दच ठेवावा. कोल्हापूर आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानांमुळे ‘पोलिटिकल एजंट’ मराठीत केव्हाच रुळला आहे. पद सांगताना ‘पोलिटिकल एजंट’, वर्ग सांगताना ‘पोलिटिकल खात्यातला अधिकारी’.

पद मात्र नेमके लिहावे. इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशायरला रेसिडेंट, त्याच्या हाताखाली मस्कत, बहारीन, कुवेत इथे एजंट, आणि शारजाला स्थानिक रेसिडेन्सी एजंट. सगळ्यांना सरसकट ‘अधिकारी’ केले की कोण कोणाला जाब देतो हे वाचकाला कळत नाही. ‘रेसिडेंट’चे ‘निवासी अधिकारी’ तर मुळीच करू नये. वाचकाला इस्पितळ आठवेल.

प्रतिसाद

‘वकील’ का नको? पेशवाईत दुसऱ्याच्या दरबारी राहणाऱ्याला वकीलच म्हणत, आणि ‘वकिलात’ अजून वापरात आहे.

उत्तर

दरबारी वकील धन्याचा शब्द पोचवी आणि खबर कळवी. यजमान राज्यात न्याय करण्याचा अधिकार त्याला नसे. शिवाय खटल्यांचा निवाडा करणाऱ्या माणसालाच वकील म्हटले तर वाक्य वाचवत नाही. 1818 पूर्वीच्या मजकुरात ‘वकील’ शोभेल, इथे नाही.

पुरवणी : निवड, नेमणूक, तैनाती

या तीन पायऱ्या वेगळ्या आहेत आणि भाषांतरात त्या नेहमी एकमेकींत मिसळतात. निवड व्हायची ती खात्यासाठी, मस्कतसाठी नव्हे. सुमारे 70 टक्के माणसे लष्करातून आणि उरलेली मुलकी सेवेतून घेत. लष्करी उमेदवार 26 वर्षांच्या आतला आणि अविवाहित हवा. निवडलेल्या लष्करी अधिकाऱ्याला आधी एखाद्या जिल्ह्यात कायदा, महसूल आणि दंडाधिकाऱ्याचे काम शिकावे लागे, मग खात्याच्या परीक्षा द्याव्या लागत. त्यानंतर एखाद्या पदावर नेमणूक, आणि तिथे जाऊन कारभार हाती घेतला की ‘रुजू झाला’. ‘तैनात’ हा शब्द पहाऱ्यासाठी, फौजेसाठी राखावा. ‘तैनाती फौज’ हा इतिहासातला ठरलेला शब्दप्रयोग आहे, एजंटाला तो लावला की घोळ होतो.

म्हणून मूळ वाक्यात ‘निवड’ चूक. ‘नेमणूक’ हवे.

‘मुलकी’ हा शब्दही इथे फार कामाचा आहे. ‘नागरी सेवा’ लिहिले तर महसूल आणि जिल्ह्याचा कारभार हा भाग हरवतो.

पुरवणी : मुंबईचा काळ

1873 पर्यंत आखाताची रेसिडेन्सी, म्हणजे रेसिडेंटची कचेरी, मुंबई सरकारच्या हाताखाली होती, एडन तर 1932 पर्यंत. तेव्हा छोट्या जागी कसला माणूस जाई ते एडनवरून दिसते. 1839 मध्ये एडन घेणारा कॅप्टन हेन्स हा हिंदी आरमारातला, किनाऱ्याची मोजणी केलेला. अरबी टोळ्यांची त्याला उत्तम जाण होती. पण वाटाघाट, न्याय आणि खजिना हे सगळे त्याच्याकडेच होते. 1854 मध्ये हिशेबात तूट निघाली, मुंबईत खटला झाला, अपहाराच्या आरोपातून तो सुटला, तरी सरकारी येण्यापायी वर्षानुवर्षे कैदेत राहिला. भाषा येणारा माणूस हिशेबात टिकेलच असे नाही, हे इथे स्वच्छ दिसते. त्यामुळे अशा कचेरीविषयी लिहिताना खजिनदार, मुनशी, दुभाष्या यांची पदे गाळू नयेत. ‘कर्मचारी’ म्हणून तर मुळीच गुंडाळू नयेत.

हेन्सच्या जागी 1854 मध्ये जेम्स औट्रम गेला. तो आधी साताऱ्याला आणि बडोद्याला रेसिडेंट होता. बडोद्याच्या लाचलुचपतीवरच्या त्याच्या लिखाणात ‘खटपट’ हा आपला शब्द इंग्रजी अक्षरांत तसाच येतो. तिथे अर्थ ‘धडपड’ असा नाही. पैसे चारून वरिष्ठांकडून काम करून घेणे असा आहे. असा उतारा मराठीत आणताना ‘खटपट’ अवतरणचिन्हांत ठेवून अर्थ तळटीपेत द्यावा.

प्रतिसाद : ‘ठाणे’

‘ठाणे’ म्हटले की पोलीस किंवा शिबंदी डोळ्यांपुढे येते. ‘चौकी’ त्याहून लहान. ‘एजन्सी’ हा खरा शब्द, पण आज तो गॅसच्या किंवा विक्रीच्या एजन्सीकडे ओढतो, म्हणून पहिल्यांदा ‘पोलिटिकल एजन्सी’ असे पूर्ण लिहावे आणि पुढे ‘कचेरी’ म्हणावे.

आणखी एक. मस्कतचा माणूस पोलिटिकल एजंट आणि कॉन्सल, दोन्ही असे. एका नात्याने तो हिंदुस्थान सरकारला बांधलेला, दुसऱ्या नात्याने लंडनच्या परराष्ट्र खात्याला. कागदावर सही कुठल्या नात्याने केली आहे ते पाहूनच शब्द निवडावा.

वाक्य असे करता येईल : ‘मस्कतच्या पोलिटिकल एजन्सीत एजंट व कॉन्सल म्हणून नेमणूक झाली.’

प्रतिसाद

अरबी कागदांत या पोलिटिकल एजंटालाच ‘बाल्योज’ म्हटलेले सापडेल. हा शब्द व्हेनिसच्या वकिलाच्या ‘बाइलो’ या पदनामावरून तुर्कीमार्गे आला. ते विशेषनाम समजून तसेच ठेवू नये, पदनाम म्हणून उलगडावे.