वंशावळ तोंडपाठ असलेले युसुफजई (पठाणांची एक टोळी) – तुमचे अनुभव लिहा

अबोली
पाकिस्तानातल्या बुनेरच्या पुराचा एक व्हिडिओ आज पुन्हा समोर आला, २०२५ च्या ऑगस्टमधला. घरंच्या घरं दगडगोट्यांखाली गेलेली. बुनेर म्हटलं की मला शारजाचे खानचाचा आठवतात. लेकीच्या शाळेची व्हॅन चालवायचे. शाळेने तिला फॅमिली ट्री करून आणायला सांगितलं होतं आणि आमची गाडी पणजोबांपाशी अडकली. सासूबाईंना फोन केला, त्यांनाही पुढचं नाव आठवेना. चाचा व्हॅनला टेकून ऐकत होते. म्हणाले, "बेटी, मेरा लिखो." आणि बोटांच्या पेरांवर अंगठा सरकवत एकेक नाव... बाप, आजा, पणजा, करत करत इलियास, मूसा, यूसुफ. तिथेही थांबले नाहीत. यूसुफचा बाप मंद, त्याचा खखय, त्याचा कंद, मग खरश्बून, सरबन आणि शेवटी कैस अब्दुल रशीद, म्हणजे सगळ्या पठाणांचा मूळ पुरुष. एकदाही अडखळले नाहीत. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला माणूस.

आता ते गावी परतलेत, फोन लागत नाही. असं कुणी तुम्हाला भेटलंय का? युसुफजईंच्या मुळाबद्दल काही ऐकलं-वाचलं असेल तर तेही लिहा.

रानवाट
युसुफजई म्हणजे बिरबलाला मारलं तेच ना. १५८६, मलंदरीची खिंड. तीही बुनेरच्याच वाटेवर. अकबराचं हजारोंचं सैन्य कापलं गेलं, बिरबलाचं प्रेतसुद्धा मिळालं नाही. लहानपणी बिरबलाच्या गोष्टींची पारायणं केली पण तो गेला कसा हे कुणी सांगितलंच नाही.

शेवंता
अगं फोन लागत नाही वाचून पोटात गोळा आला. चाचा सुखरूप असोत. बाकी मला यातलं काही कळत नाही, वाचतेय.

बांधकरी
लंच ब्रेकमध्ये लिहितोय, चुका पोटात घाला.

दम्मामला साईटवर आमचा फोरमन स्वातचा, मट्ट्याकडचा. अकोजई, म्हणजे यूसुफचा मुलगा अको, त्याचा वंश. मी एकदा विचारलं, एवढी नावं पाठ करून करता काय? तो म्हणाला, ही नावं म्हणजेच आमचा सातबारा.

युसुफजई मूळचे कंदाहारकडचे, तिथून काबूलला आले. काबूलच्या उलुग बेगने (हा बाबराचा काका, समरकंदचा खगोलवाला नव्हे) त्यांच्या मलिकांना, म्हणजे टोळीप्रमुखांना, दगाफटका करून मारलं. मग उरलेले पेशावरच्या खोऱ्यात उतरले आणि सोळाव्या शतकात स्वात, बुनेर, दीर घेतलं. जमीन मिळाली, पण वाटायची कशी? शेख मली नावाच्या त्यांच्या जाणत्याने ती वंशावळीप्रमाणे वाटली. अमक्या मुलाच्या वंशाला हे खोरं, त्याच्या मुलांना त्यातले हे भाग, असं खाली खाली प्रत्येक घरापर्यंत. ज्याचं नाव त्या झाडात, त्याचा हिस्सा. त्या हिश्शाला दफ्तर म्हणतात. दफ्तर नाही तर जिरग्यात (टोळीच्या पंचायतीत) शब्दाला किंमत नाही.

आणि पुढचं ऐकून मी जेवायचा थांबलो होतो. हिस्सा कायमचा, पण शेत कायमचं नाही! कुणाला पाण्याजवळची जमीन, कुणाला खडकाळ, हा अन्याय नको म्हणून ठरावीक वर्षांनी सगळ्या जमिनीची पुन्हा सोडत. याला वेश म्हणतात. पुष्कळदा गावंच्या गावं बिऱ्हाड उचलून दुसरीकडे. फोरमनचे आजोबा लहानपणी असे आईच्या पाठीवर बसून गेले होते. १९२० च्या दशकात स्वातच्या वालीने (राज्यकर्त्याने), मियाँगुल अब्दुल वदूदने, हे बंद करून जमिनी कायम केल्या.

म्हणून पाठांतर, अबोलीताई. एक नाव चुकलं तर शेत जायचं.

अबोली
@बांधकरी, किती सुंदर लिहिलंत! चाचा पेरांवर मोजत होते ते शेत मोजत होते तर. लेकीला वाचून दाखवलं आत्ता.

तात्या७२
दर काही वर्षांनी फेरवाटप! आमच्याकडे एका बांधावरून तीस वर्षं कोर्टात आहेत दोन भाऊ. एकाच आळीत राहतात, लग्नाला जात नाहीत.

बांधकरी
तात्या, भाऊबंदकी तिकडेही तेवढीच. चुलतभावाला तर्बूर म्हणतात आणि खरा वैरी तोच समजतात. हिस्सा शेजारी शेजारी, आजोबा एकच, मग दुसरं काय होणार.

मलकापूरकर
इथे मला लिहायलाच हवं. पठाणांची ही कैसपासूनची वंशावळ सविस्तर लिहून काढली नियामतुल्लाने. जहांगीरचा काळ, दख्खनेत खान जहान लोदी होता, त्याच्या आश्रयाने. समाना गावचा हैबत खान काकड नावाचा पठाण त्याला माहिती गोळा करून देत होता. या 'मख्जन-ए-अफगानी'ची सुरुवात झाली आमच्या मलकापुरात (बुलढाणा जिल्हा!!) आणि १६१३ मध्ये बुऱ्हाणपूरला ग्रंथ पुरा झाला. काबूल नाही, पेशावर नाही. आमचं स्टेशन ओलांडून लोक पुढे जातात, कुणाला पत्ता नाही. मी गावात ज्याला त्याला सांगत असतो.

रानवाट
काय सांगता! भुसावळ-अकोला शेकडो वेळा केलंय.

पिंपळपान
मख्जन आलंच आहे तर थोडं. त्यात वंश कैसच्याही मागे नेलाय, तालूत राजापर्यंत, म्हणजे बायबलमधला शौल. त्याचा नातू अफगाना, त्याची संतती हे लोक, असं. कैस मदिनेला जाऊन पैगंबरांना भेटला आणि अब्दुल रशीद झाला हेही त्यातच. आता कैस सातव्या शतकातला मानला तर ही नोंद जवळजवळ हजार वर्षांनंतरची. पश्तो भाषा तर पूर्व इराणी कुळातली, हिब्रूशी तिचं नातं नाही. मला स्वतःला यूसुफच्या खालचा भाग भक्कम वाटतो, कारण त्यावर जमीन अवलंबून होती आणि चूक काढायला चुलतभाऊ टपलेला. वरचा भाग श्रद्धेचा.

कैसचे तीन मुलगे: सरबन, बैतन, घुर्घुश्त. पण आफ्रिदी, खटक, वजीर यांचा मूळ पुरुष करलान यांच्यापैकी कुणाचाच नाही. गोष्ट अशी की दोघा भावांना ओसाड तळावर एकाला तान्हं मूल आणि एकाला लोखंडी कढई सापडली, आणि त्यांनी अदलाबदल केली. ते मूल म्हणजे करलान. इतक्या मोठमोठ्या टोळ्या आणि झाडात शिरल्या त्या कढईच्या बदल्यात. मला ही गोष्ट फार आवडते. दत्तक घेतलं आणि आपलं म्हटलं, संपलं.

सई_ठाणे
सगळं वाचलं. या झाडात बायका कुठे आहेत?

पिंपळपान
बरोबर विचारलंत. जवळपास नाहीत. घिलजई या पठाणांच्याच दुसऱ्या टोळीच्या मुळाशी बीबी मतो आहे, बैतनची मुलगी, तिच्याकडून वंश धरतात. युसुफजईंमध्ये नाव राहिलं ते बीबी मुबारिकाचं. मलिक शाह मन्सूरची मुलगी, १५१९ मध्ये तह म्हणून बाबराला दिली.

सई_ठाणे
तह म्हणून. आणि जमिनीत हिस्साही नसणार. माझ्या आजीचं माहेरचं नाव आमच्या घरात कुणालाच सांगता येत नाही, म्हणून विचारलं.

परभणीचा_पठाण
हा धागा मामेभावाने पाठवला. आम्ही नावापुढे युसुफजई लावतो. दादी सांगायची, आपण रोहिलखंडातून निजामाच्या मुलखात चाकरीला आलो. पेटीत एक शजरा (वंशावळीचा कागद) होता, फारसीत, कापडाला चिकटवलेला. वाळवीने खाल्ला. वडिलांपासून वर सहा नावं उरलीत, त्याच्या वर भोकं. घरी दखनी बोलतो, शाळा मराठी, पश्तोचा एक शब्द येत नाही. इथे खखय, मंद वाचून वडिलांना मोठ्याने म्हणून दाखवलं. ते दोनदा म्हणाले, परत वाच.

अबोली
दादा, अंगावर काटा आला. ती सहा नावं आजच लिहून ठेवा, फोटो काढा.

गडकोट
रोहिले म्हटलं की नजीबखान आठवतो, पानिपतात अब्दालीच्या बाजूचा रोहिला सरदार. तोही युसुफजईच. पानिपतचं सगळं त्यानेच घडवून आणलं. १७७२ ला मराठ्यांनी त्याचा पत्थरगड किल्ला घेतला तेव्हा थोडा तरी...

तात्या७२
गडकोट, पानिपतावर वेगळा धागा काढा राव, इथे नको. परभणीकर आत्ताच आलेत.

पिंपळपान
एकच सांगतो. पानिपतात अब्दालीकडून लढलेला हाफिज रहमत खान स्वतः बडेच टोळीचा, आणि त्याने पठाणांच्या वंशावळींवर पुस्तक लिहिलंय. घोड्यावरून उतरून माणूस हे करत होता. परभणीकरांनी रामपूरच्या रझा ग्रंथालयात चौकशी करावी, तिथे फारसी हस्तलिखितं भरपूर आहेत.

परभणीचा_पठाण
नोंद करून घेतलं सर. फारसी वाचणारं कुणी औरंगाबादकडे आहे का?

शेवंता
आमच्या कोल्हापूरकडे हेळवी येतात, नंदी घेऊन, घरोघरच्या पिढ्या वाचून दाखवतात. यंदा आले तेव्हा मी भाकऱ्या थापत होते, नेमकं ऐकायचं राहिलं.

सई_ठाणे
शेवंता, ते आजीच्या माहेरचंही सांगतात का? कुठल्या महिन्यात येतात?

शेवंता
सुगी झाल्यावर. धान्य घेतात ना. माहेरचं विचारून सांगते, सासरे जोतिबाला गेलेत, रात्री येतील.