मेल, मॅस्क्युलिन, मॅनली : नर रातांब्याच्या पाटीवर काय लिहायचं?

प्रश्न :
वेंगुर्ल्यात आमची छोटी रोपवाटिका आहे. पर्यटक कलमं बघायला येतात, म्हणून इंग्रजी पाट्या करायला घेतल्या. नर रातांब्यापुढे (म्हणजे कोकमाच्या नर झाडापुढे) भाच्यानं ‘मॅस्क्युलिन ट्री’ लिहिलं. मला खटकलं, पण चूक काय ते सांगता येईना. मेल, मॅस्क्युलिन, मॅनली, तिन्हींना ‘पुरुषी’ म्हणून भागेल का?

उत्तर :
नाही भागणार. पाटीवर ‘मेल ट्री’च हवं. मेल हा शरीराचा शब्द, आपला ‘नर’. रातांब्यात नर झाड वेगळं, मादी वेगळं. बी रुजवून केलेल्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात, आणि झाड फुलेपर्यंत ते कळत नाही. त्यात कित्येक वर्षं जातात. (म्हणून तर माणसं तुमच्याकडे कलम मागायला येतात.) प्राण्यांतही तसंच, कुर्ली (खेकडा) उताणी करून बघा. पोटावरची झडप अरुंद, टोकाकडे निमुळती असेल तर मेल. रुंद, अर्धगोल असेल तर फिमेल. नळाच्या सामानातही तेच, आटे बाहेरून असले की मेल, आतून असले की फिमेल. स्वभावाचा इथे काही संबंध नाही.

मॅस्क्युलिन व्याकरणात आला की ‘पुल्लिंगी’. आपण ‘तो रातांबा’ म्हणतो, म्हणजे शब्द मॅस्क्युलिन. पण मे महिन्यात फळांनी लगडलेलं ते झाड असतं फिमेल! ‘तो माड’ही बघा. त्याच्या एकाच पोयीत नर फुलंही असतात, मादी फुलंही असतात. व्याकरणाबाहेर मॅस्क्युलिन म्हणजे समाज जे पुरुषाचं मानतो ते, म्हणजे आवाज, पेहराव, चाल. ते बाईतही असू शकतं. मी तिथे ‘पुरुषासारखा आवाज’ असं लिहीन, ‘पुरुषी’ टाळीन. ‘पुरुषी अहंकार’, ‘पुरुषी नजर’ असं म्हणून म्हणून त्या शब्दाला मराठीत कडवटपणा चिकटला आहे. मॅस्क्युलिनमध्ये तो मुळात नाही.

मॅनली ही शाबासकी. धीराचा, खमका, दिलेला शब्द पाळणारा. ‘मर्दानी’ जवळचा वाटतो, पण मर्दानी खेळांत मुलीही दांडपट्टा फिरवतात आणि तो शब्द त्यांना परका होत नाही. मॅनली एवढा मोकळा नाही. व्हिराइलमध्ये पौरुष आहे, प्रजननाच्या ताकदीसकट. लॅटिन ‘विर’ म्हणजे पुरुष, आणि आपला ‘वीर’ त्याच कुळातला. माचो स्पॅनिशमधला, तिकडे मूळ अर्थ नर एवढाच, इंग्रजीत आला तो मर्दपणाचा तोरा घेऊन.

प्रतिसाद :
मॅनिश राहिला. मॅनिश आणि मॅनली एकच का?

उत्तर :
अजिबात नाही, आणि हा शब्द जपून वापरायला हवा. मॅनिश बहुतेक वेळा बाईबद्दल येतो, तोही नावं ठेवायला. माझी मावशी पहाटे बंदरावर लिलावात उभी राहून सुरमईच्या टोपलीवर खणखणीत बोली लावायची. मागे माणसं म्हणायची, “बापयासारखी आसा ही.” ते मॅनिश. तिच्या हिमतीला कुणी मॅनली म्हटलं नाही, म्हणायला हवं होतं असंही मला वाटत नाही. हिंमत तिची स्वतःची होती. भाषांतर करताना असा शब्द कुणाच्या तोंडी आलाय ते आधी बघा. बोलणारा हिणवत असेल तर ‘बाप्यासारखी’ ठेवा, लेखकाच्या निवेदनात मात्र नको.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. पाटी पुसून ‘मेल’ केली. शेजारी ‘फिमेल’ लिहिताना भाचा विचारतोय, हा मेललाच फि जोडून केलाय का?

उत्तर :
नाही. मेल लॅटिन ‘मास्क्युलस’वरून आला, मॅस्क्युलिनही त्याच घरातला. फिमेलचं मूळ निराळं, ‘फेमेल्ला’, म्हणजे लहान बाई. फ्रेंचमधून इंग्रजीत आल्यावर मेलच्या जोडीला बसून त्याचं स्पेलिंग बदललं.