मदत हवी आहे: एकाच रुग्णाला एकच संदेश तीनदा जातो

सांजवात:
तपासणी झालेल्या रुग्णाला ‘औषध घेतले का?’ असे विचारणारा संदेश काही वेळाने पाठवायचा असतो आणि ते काम आम्ही सेलरीकडे (कामे रांगेत ठेवून ठरलेल्या वेळी पार पाडणारी पायथॉनची प्रणाली) सोपवले आहे. गेल्या आठवड्यापासून प्रत्येकाला तोच संदेश तीनदा जात आहे. कोड दोनदा वाचला, त्यात चूक नाही. उद्या सकाळी दवाखान्याला उत्तर द्यायचे आहे, कृपया त्वरित सांगावे.

बगशोधक:
ब्रोकर, म्हणजे कामांची रांग सांभाळणारा मध्यस्थ, कोणता? ‘काही वेळाने’ म्हणजे नेमके किती? आणि गेल्या आठवड्यात काय बदलले?

सांजवात:
ब्रोकर रेडिस आहे. बदल काहीच केलेला नाही.

वेगवान:
वर्करची (रांगेतली कामे उचलून करणाऱ्या प्रोग्रॅमची) संख्या दुप्पट करा आणि प्रीफेच (वर्करने आगाऊ उचलून ठेवायची कामे) 4 वरून 1 वर आणा, कामे झपाट्याने उरकतील.

बगशोधक:
वेगवानजी, कामे हळू होतात अशी तक्रार कोणीच केलेली नाही. सांजवात, एका टास्कच्या (रांगेतल्या कामाच्या) आयडीवरून लॉग शोधून येथे द्या.

सांजवात:
एकच आयडी 10:05, 11:06 आणि 12:08 ला वर्करकडे आलेला दिसतो, आणि 12:35 ला तिन्ही वेळचे संदेश लागोपाठ गेले आहेत. पूर्वी आम्ही अर्ध्या तासाने पाठवत होतो, आता दवाखान्याच्या सांगण्यावरून अडीच तासांनी पाठवतो. पण ती केवळ एक संख्या बदलली आहे.

बगशोधक:
त्या संख्येतच सगळे आले. पुढच्या वेळेचे टास्क वर्कर लगेच उचलतो आणि वेळ होईपर्यंत स्वतःच्या मेमरीत धरून ठेवतो; काम हाती घेतल्याची पोच ब्रोकरला मात्र काम सुरू होतानाच देतो. रेडिससाठी सेलरीचा व्हिजिबिलिटी टाइमआउट (पोचेची वाट पाहण्याची मुदत) मुळात 3600 सेकंदांचा असल्यामुळे, तासाभरात पोच आली नाही की वर्कर मेला असे समजून तेच टास्क पुन्हा रांगेत जाते, आणि पहिली प्रत मात्र तशीच जिवंत राहते. आजच्यापुरता तो टाइमआउट 4 तासांचा करा. मात्र वर्कर खरोखरच बंद पडला, तर त्याच्या हातातली कामे परत यायलाही तितकाच वेळ लागेल.

जुनाखांब:
रेडिस हा मुळात ब्रोकरच नव्हे. रॅबिटएमक्यू हा ब्रोकर घ्या, मी अनेक वर्षे वापरतो आहे.

बगशोधक:
रॅबिटएमक्यूच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 30 मिनिटे पोच आली नाही, तर वर्करशी जोडणारा चॅनेलच बंद होतो. अडीच तास धरलेले टास्क तेथेही अडकणारच. त्यापेक्षा पाठवण्याची वेळ डेटाबेसमध्ये ठेवा आणि दर मिनिटाला ज्यांची वेळ झाली आहे तेवढीच टास्के रांगेत टाका. शिवाय भेटीचा क्रमांक आणि संदेशाचा प्रकार यांच्या जोडीवर युनिक बंधन (तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदवू न देणारा डेटाबेसचा नियम) घालून, संदेश पाठवण्यापूर्वी नोंद करा.

जुनाखांब:
नोंद झाल्यावर आणि संदेश जाण्यापूर्वी वर्कर पडला, तर तो संदेश कायमचा गेला. नोंद नंतर करावी.

बगशोधक:
नंतर केली, तर मध्येच पडल्यास तो दोनदा जाईल. दोहोंपैकी एक पत्करावेच लागते. औषधाची आठवण एखाद्या वेळी दोनदा गेलेली परवडते, पण दर वेळी तीनदा गेली तर रुग्ण तो नंबर ब्लॉक करतात. संदेश पाठवणारी सेवा स्वतःच आयडीवरून दुसरी प्रत नाकारत असेल, तर हा वाद उरत नाही. तशी सोय आहे का?

सांजवात:
टाइमआउट 4 तासांचा केला, दुपारपासून प्रत्येकाला एकच संदेश जात आहे. सेवेच्या सोयीचे विचारून सांगतो. आणखी एक राहिले: पुढच्या महिन्यापासून दवाखान्याला 3 दिवसांनीही आठवण हवी आहे.

बगशोधक:
हे आधी सांगायचे होते. टाइमआउट 3 दिवसांचा करू नका, वेळ डेटाबेसमध्येच ठेवा.

वेगवान:
तरीही प्रीफेच 1 करून पाहावा.