मदत हवी आहे: प्रागमधला रात्रीचा 'पब क्रॉल', सोबत मालकांचा मुलगा आणि मी न पिणारा

तांबडारस (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. विषय जरा अवघड जागेचा आहे. हसलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत (लोखंड वितळवून साच्यात ओततात तिथं) क्वालिटी बघतो. झेक प्रजासत्ताकात ब्रनो गावात इंजिनिअरिंगचं मोठं प्रदर्शन भरतं, १९५९ पासून. यंदा आमच्या कंपनीतनं पहिल्यांदाच दोघं चाललोय. एक मी, दुसरे आमचे धाकटे मालक. वय तेवीस. पोरगं गुणाचं आहे, मला काका म्हणतं, शॉपवर घाम गाळतं. फक्त मोबाईलवर जे दिसेल ते एकदा करून बघायचं असतं. प्रदर्शन संपल्यावर प्रागमध्ये शुक्रवार-शनिवार अशा दोन रात्री आहेत आणि शुक्रवारसाठी त्यानं हा 'पब क्रॉल' शोधून काढलाय.

मलाही परवापर्यंत माहीत नव्हतं म्हणून सांगतो. एक गाईड वीस-तीस अनोळखी लोकांना गोळा करतो आणि एका रात्रीत चार पब फिरवतो. पहिल्या ठिकाणी दीड तास पाहिजे तेवढी बियर, पुढं प्रत्येक ठिकाणी एकेक शॉट (एका घोटात मारायची कडक दारू), शेवटी क्लबात फुकट प्रवेश. जाहिरातीत लिहिलंय रात्री नऊला सुरू, दोनला समाप्त. बायको म्हणाली, म्हणजे गणपतीत मंडळं बघत फिरतात तसंच की, फक्त प्रसाद वेगळा.

आता माझी अडचण. आण्णांनी (मोठे मालक) केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "पोराला नको म्हणू नकोस, पण एकटं सोडू पण नकोस." झालं. वडील माळकरी, मी स्वतः घेत नाही. माझं रात्री बाहेर जाऊन पिणं म्हणजे गंगावेशीत दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या विशीतल्या घोळक्यात मी कसा दिसेन ते जाऊ दे, पण न पिणाऱ्यानं तिकिटाचे पैसे भरून तिथं करायचं काय? पोराला जास्त झाली तर ओळखायचं कशावरनं? रात्री दोन वाजता अनोळखी गावात हॉटेलवर परत कसं यायचं? आणि एका पबच्या मेनूचा फोटो त्यानं दाखवला, त्यात बियरपुढं १०°, १२° असं लिहिलंय. बारा टक्के बियर दीड तास पाहिजे तेवढी? आमच्याकडं भट्टीचं तापमान सोडलं तर डिग्री बघून मला कधी घाम फुटला नव्हता.

कुणी गेलं असेल तर स्पष्ट सांगा. बुकिंग अजून केलेलं नाही, पण तो रोज विचारतोय.

---

वल्तावाकाठ (मूळ इचलकरंजी, सध्या प्राग)

बुकिंग केलं नाहीत ते उत्तम झालं. प्राग महापालिकेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ठराव करून रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत गाईडनं फिरवायचे पब क्रॉल बंद केलेत. जुन्या गावात लोक राहतात, खिडकीखाली मध्यरात्री तीस जणांचा घोळका ओरडत जातो, सकाळी दारात घाण, याला लोक विटले होते. म्हणजे नऊला सुरू होणाऱ्या टूरला नियमानं तासभरच मिळतो. 'दोनला समाप्त' असं लिहिलं असेल तर जाहिरात जुनी आहे किंवा पुढचं तुमचं तुम्ही फिरायचं आहे. आधी विचारा, मगच पैसे भरा. काही जणांनी टूर संध्याकाळी लवकर आणल्यात, त्या चालतात.

गैरसमज नको: पब बंद झालेले नाहीत, पिण्यावर बंदी नाही. तुम्ही दोघं आपापले चार पब फिरलात तर कोण काही म्हणणार नाही. फक्त ग्लास घेऊन रस्त्यावर येऊ नका, जुन्या गावात बऱ्याच ठिकाणी उघड्यावर पिणं मना आहे.

डिग्रीचं: ते तापमानही नाही आणि टक्केही नाहीत. आंबवायच्या आधी त्या रसात साखरेसकट किती अर्क होता त्याचं माप आहे. १०° म्हणजे साधारण ४ टक्के अल्कोहोल, १२° म्हणजे ५ च्या आसपास. तुमच्या भाषेत, ओतायच्या आधीचं कॉम्पोझिशन लिहिलंय, तयार कास्टिंगचं (ओतून निघालेल्या तुकड्याचं) नाही.

पण खरं सांगू का, माणशी बियर पिण्यात हा देश वर्षानुवर्षं जगात पहिला आहे आणि इथला माणूस पब क्रॉल करत नाही. तो एका पबात जातो, ठरलेल्या टेबलावर बसतो आणि उठेपर्यंत तिथंच बसतो. तेच टेबल, तीच माणसं, तीच भांडणं. रंकाळ्यावर कट्टा धरून बसणारी आपली मंडळी आठवा. गाईडमागं धावत उभ्या उभ्या शॉट मारणं हे पाहुण्यांसाठी बनवलेलं आहे. पोराला प्राग बघायचंय का पाहुण्यांचं प्राग, एवढं विचारा.

---

नकोतिथंबोलणारा

तेवीस वर्षांचा घोडा आणि त्याला राखण? त्याला जाऊ दे, तुम्ही हॉटेलवर झोपा.

---

तांबडारस

पगार तुम्ही देणार असाल तर झोपतो.

आणि गंमत बघा, महाराष्ट्रात बियरला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं. म्हणजे शॉट घ्यायला त्याला इथं अजून दोन वर्षं आहेत. तिकडं १८ ला सगळंच खुलं. त्यामुळं त्याला त्या शॉटचंच जास्त आकर्षण.

---

खमंगफोडणी (राजारामपुरी, आता पुणे)

मी जरा वेगळं सांगते, कारण इथं सगळे क्रॉलच्या मागंच लागलेत. मी बुडापेस्टला एकटी असताना गेले होते. सातव्या डिस्ट्रिक्टमध्ये, जिथं पडक्या वाड्यांमध्ये बार थाटलेत. सिम्प्ला कर्ट हा त्यातला २००२ पासूनचा, बाथटब कापून केलेले सोफे, छतातनं लोंबणारी झाडं. रात्री त्या गल्लीत एकट्या बाईनं हिंडायचं धाडस मला झालं नसतं. घोळका होता म्हणून गेले, आणि त्यात भेटलेल्या एका पोर्तुगीज मुलीशी आजही बोलते. एकट्या माणसाला तीन तासांची सोबत मिळते, हे त्यातलं चांगलं.

मी बियर एकच घेतली, बाकी सोडा. गाईडला पहिल्याच पबात कानात सांगून ठेवलं. कुणी आग्रह केला नाही, केला तो आपल्याच एका दिल्लीच्या भावानं. न पिणाऱ्याला तिकीट परवडत नाही हे मात्र खरं, सगळे पैसे दारूचेच असतात.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. गाईड शेवटी कुठं नेतो ते पब चांगला आहे म्हणून नव्हे, तिथं त्याचं कमिशन ठरलेलं असतं म्हणून. आणि पाहिजे तेवढी बियर घड्याळ लावून दिली की माणूस तहानेनं पीत नाही, पैसे वसूल करायला पितो. आपण लग्नात आइस्क्रीमच्या काउंटरवर करतो तेच. पण तुम्ही दोघं आहात, सोबतीची गरज नाही. मग कशाला?

---

रात्रपाळीडॉक्टर (मिरज)

'ओळखायचं कशावरनं' याचं उत्तर देतो.

आधी हिशोब. अर्धा लिटर, ५ टक्के, म्हणजे २५ मिली शुद्ध अल्कोहोल. शरीर तासाला साधारण ८ ते १० मिली बाहेर काढतं, तेही सगळ्यांचं सारखं नाही. म्हणजे एक मोठा ग्लास निस्तरायला अडीच-तीन तास. दीड तासात चार ग्लास रिचवले आणि वर शॉट मारले, तर नशा वर चढत असताना तुम्ही तिसऱ्या पबच्या वाटेवर असता. शॉटमध्ये बऱ्याचदा ३८-४० टक्क्यांचं असतं. लिंबू, कॉफी, थंड पाणी यानं हा वेग वाढत नाही. वेळ हेच औषध.

बडबड, तोल जाणं, एखादी उलटी इथवर लिफ्टनं खोलीत नेता येतं. पण हाक मारून, चिमटा काढून जागा होत नाही, श्वास संथ किंवा अडखळत चालतो, अंग गार आणि ओठ निळसर, झोपेतच उलटी होतेय, यातलं एकही दिसलं तर ११२ लावा. युरोपभर चालतो, मोबाईलवरनं फुकट. गाडी येईपर्यंत त्याला कुशीवर ठेवा. "झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल" म्हणून उताणा टाकून जाऊ नका, माणसं त्यातच जातात.

पॉलिसीची बारीक अक्षरंही वाचा. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण दारूच्या नशेत काही झालं तर देणार नाही असं कलम बहुतेक पॉलिसींत असतं. आण्णांना हे एक वाक्य दाखवलंत तर बाकीचं बोलावंच लागणार नाही.

---

तांबडारस

डॉक्टरसाहेब, आभार. तुमचा हिशोब कागदावर काढून पोरापुढं ठेवला. रिजेक्शनचा रिपोर्ट बघतो तसा बघितला आणि म्हणाला, "काका, मग शॉट कॅन्सल." निम्मं काम झालं.

आता ठरलंय असं: क्रॉल नाही, आपलं आपण, जास्तीत जास्त दोन ठिकाणं. वल्तावाकाठभाऊ, टेबलावर बसल्यावर करायचं काय तेवढं सांगा. अडाण्यासारखं दिसायला नको. पैशाचंही सांगा, आमचा एक सप्लायर म्हणाला तिथं नोटा बदलताना फसवतात.

---

वल्तावाकाठ

तुम्ही जुन्या चौकापासनं लांब, झिझकोव भागात जा. पबांसाठीच ओळखला जातो आणि गर्दी गावातल्यांची. रिकाम्या खुर्च्या दिसल्या तर आधी विचारायचं, टेबल अनोळखी लोकांत वाटून घेणं इथं नेहमीचं. बसलात की समोर पुठ्ठ्याची चकती येते, तिच्यावर ग्लास. ग्लास संपत आला की वेटर न विचारता दुसरा आणून ठेवतो. हे लक्षात ठेवा, पोरं इथंच फसतात. बास झालं की चकती ग्लासावर झाकायची, तोंडानं काही बोलावं लागत नाही. प्रत्येक ग्लासामागं तो टेबलावरच्या कागदाच्या चिठ्ठीवर एक रेघ मारतो. चिठ्ठी हरवू नका, तेच बिल. ग्लास भिडवताना 'ना झ्द्रावी' म्हणायचं आणि समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, ग्लासाकडं नाही.

तुमच्यासाठी कोफोला मागा, १९६० पासूनचा इथला कोला, बऱ्याच पबांत बियरसारखाच नळातनं येतो. खायला तळलेलं चीज मिळतं, शाकाहारी वाराला तेवढाच आधार. सिगारेटच्या धुराची काळजी नको, २०१७ पासून पबात बंद आहे.

पैसे: इथं युरो नाही, क्राऊन. कार्डच वापरा आणि मशीननं रुपये की क्राऊन विचारलं तर क्राऊन दाबा, रुपये दाबलेत की भाव मशीनवाल्याचा. रस्त्यात कुणी नोटा बदलून देतो म्हणाला तर थांबूच नका, दुसऱ्याच देशाच्या नोटा हातात पडतात. काउंटरवर बदलल्या आणि भाव चुकीचा वाटला तर पावती घेऊन तीन तासांच्या आत परत जा. २०१९ पासून कायदा आहे, १,००० युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करावा लागतो.

परत यायला शुक्रवारी मेट्रो एकपर्यंत असते, नंतर रात्रीच्या ट्राम. त्यांचे नंबर नव्वदीतले, लाझार्स्का स्टॉपवर सगळ्या भेटतात. हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून पोराच्या खिशात ठेवा, मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

---

तांबडारस

परत आलो, म्हणून धागा वर काढतो.

झिझकोवातच गेलो. लाकडी टेबल, आमच्याबरोबर दोन म्हातारे, त्यातला एक रेल्वेतनं निवृत्त. भाषा येत नाही, पण त्याच्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. मी माझ्या हातावरचा दाखवला, ओतताना उडालेल्या रसाचा. मग त्यानं हातवारे करून इंजिनाचा बॉयलर दाखवला, मी लाडल (रस ओतायचं भांडं). पोरगं अर्धा तास दुभाष्याचं काम करत होतं आणि मोबाईल उलटा पडलेला होता.

तिसऱ्या ग्लासानंतर पोरानं स्वतःच चकती झाकली. अकराला उठलो, ट्रामची वेळच आली नाही. वेटरकडनं ती चिठ्ठी मागून घेतली. दूधवाल्याच्या रतिबासारख्या पेन्सिलीच्या उभ्या रेघा, कोफोलाचं अक्षर वेगळं.

काल आण्णांनी सगळा हिशोब मागितला. बाकी पावत्यांबरोबर ती पण ठेवली. त्यांनी चष्मा लावला, रेघा मोजल्या, एक-दोन-तीन. मग खाली, जरा बाजूला मारलेल्या एका आखूड रेघेवर बोट ठेवून विचारलं, "आणि ही छोटी कुणाची?"

ती माझी होती. रेल्वेवाल्यानं पाजलेली. वडिलांना अजून सांगितलेलं नाही.