सातविणीच्या अर्काने परजीवी मेले, म्हणजे औषध सापडले?

खलबत्ता: सातविणीच्या सालीच्या अर्काने बशीतले फाल्सिपेरम, म्हणजे हिवतापाचे परजीवी, मेले. हिवतापाला ही साल पिढ्यान्‌पिढ्या देतात. आता आणखी कसला पुरावा हवा?

लालपेशी: आधी सांगा, तांबड्या पेशी शाबूत होत्या का? परजीवी त्यांच्याच पोटात वाढतो. अर्कातल्या सॅपोनिनने (साबणासारख्या फेसाळ द्रव्याने) पेशी फुटल्या तर तोही मरतो आणि आयसी-५० (परजीवींची निम्मी वाढ रोखणारी मात्रा) झकास दिसतो. त्याच मात्रा निरोगी पेशींवर घालून हिमोलिसिस, म्हणजे पेशी फुटतात का ते, बघा. अर्क विरघळवणारे डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या आत ठेवा, तेवढेच कंट्रोलमध्येही (अर्क नसलेल्या तुलनेच्या बशीतही) घाला. ५ टक्के सॉर्बिटॉलने रिंगा (परजीवीची कोवळी अवस्था) एका वयाच्या करून घ्या. क्लोरोक्वीनने मरणाऱ्या ३डी७ वाणासोबत क्लोरोक्वीनला न जुमानणारा डीडी२ वाणही लावा. परजीवींचा डीएनए मोजणाऱ्या सायबर ग्रीन रंगाची चमक गडद अर्क गिळतो, म्हणून गिम्साने रंगवलेली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली मोजाच. आणि व्हेरो पेशीही (माकडाच्या मूत्रपिंडाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) तेवढ्याच मात्रेला मरत असतील तर ते निव्वळ विष आहे.

खलबत्ता: लोक पाण्याचा काढा पितात, तुम्ही मेथॅनॉल हे द्रावक ओतता. मग ही कसोटी कोणाची?

लालपेशी: मग काढाच तपासा, कोण अडवतंय? उकळून, गाळून, फ्रीझ-ड्राय करून थेट आरपीएमआयमध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) विरघळवा, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. टॅनिनचा (सालीतल्या तुरट द्रव्याचा) साका बसला तर मात्रा चुकलीच. पण काढाच श्रेष्ठ हा हट्ट सोडा. चिनी संशोधक तू यूयू यांच्या गटाने १९७१ मध्ये छिंगहाव ही हिवतापावरची वनस्पती न उकळता कमी तापमानाला तिचा अर्क ईथरमध्ये काढला, तेव्हा गुण टिकला. उकळण्याने तो जात होता.

खलबत्ता: सातवीण म्हणजे छिंगहाव नव्हे! तिच्यातली अल्कलॉइडं (औषधी द्रव्यं) उकळल्याने जातात हे कुठे दाखवलंय? एकाचा नियम दुसऱ्यावर लादू नका.

वनस्पतीवाला: दोघंही भांडताय, पण साल कुठल्या झाडाची? ओळख पटवायला वाळवून जपलेला हर्बेरियम नमुना नसेल तर पुढचं सगळं वाया. किराईत मागितलं तर एक दुकानदार स्वर्शिया देतो, दुसरा अँड्रोग्राफिस, दोन वेगळ्याच वनस्पती. वर्षानुवर्षं ओरडतोय, कोणी ऐकत नाही.

लालपेशी: बरोबर, पण मूळ प्रश्न राहिलाच. आयुष-६४ या आयुर्वेदिक हिवताप-औषधात सातवीण, कुटकी, किराईत, सागरगोटा आहेत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, व्हायव्हॅक्स या दुसऱ्या परजीवीच्या हिवतापावरच्या चाचणीत २८ दिवसांनी क्लोरोक्वीनवरचे सगळे बरे होते, आयुष-६४ वरचे जेमतेम निम्मे. आणि व्हायव्हॅक्सचा ताप एक दिवसाआड येतो. मधल्या दिवशी काढा दिला की गुण आल्यासारखं वाटतंच.

खलबत्ता: अनुभवाला भ्रम म्हणणं हा उर्मटपणा आहे. निम्मे बरे झाले, ते कशाने? हिमोलिसिसचा कंट्रोल हवा, एवढंच मान्य करतो.

लालपेशी: तो लावा, मग उंदरांत बर्घेईची (उंदरांच्या हिवतापाच्या परजीवीची) चार दिवसांची चाचणी करा, औषध तोंडावाटे देऊन. तोवर व्हायव्हॅक्सच्या रुग्णाच्या क्लोरोक्वीन-प्रायमाक्वीन या ठरलेल्या औषधांना हात लावू नका.